पुणे ते वाई एका दिवसात : गाडी बुक करायच्या आधी हे एकदा वाचा

नमस्कार मंडळी. वीकेंडला जवळच कुठेतरी जाऊन येऊ म्हणून आम्हाला फोन येतो तो बहुतेक वेळा गुरुवारी रात्री, आणि त्यात ठिकाणं नेहमी तीन-चार असतात, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, जमलंच तर प्रतापगड, आणि वर "रात्री दहाच्या आत घरी सोडा हं". आमच्या चारच गाड्या आहेत, तीन सात सीटर आणि एक सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर, आणि हा रस्ता आमचा रोजचा आहे, म्हणून स्पष्ट सांगतो की ही यादी एका दिवसात होत नाही. गाडी फिरून येते, माणसांचं काहीच बघून होत नाही.

पूर्वी आम्ही अशा बुकिंगला हो म्हणायचो. डिसेंबरातला एक लाँग वीकेंड होता, घरातल्या आजोबांना कृष्णामाईचं दर्शन घ्यायचं होतं आणि खरं तर सगळी ट्रिप त्यांच्यासाठीच निघालेली. सहाला निघायचं ठरलं, निघाले साडेआठला, खंबाटकी घाटात ट्रक बंद पडलेला त्यात तास गेला, मग वाई येताना करू म्हणून गाडी थेट वर नेली, पसरणी घाटात मुंगीच्या पावलाने, पुढे पाचगणीत रांग, महाबळेश्वरला रांग, प्रतापगडाच्या पायथ्याशी पोचले तेव्हा साडेतीन वाजून गेलेले. परतताना वाईत उतरले तोवर मिट्ट काळोख, मुलं झोपलेली, सगळे वैतागलेले. आजोबा म्हणाले, "राहू द्या आता," आणि काचेतूनच नदीच्या दिशेने हात जोडले. ड्रायव्हरने दुसऱ्या दिवशी हे आम्हाला सांगितलं तेव्हा फार वाईट वाटलं कारण चूक आमची होती, आम्हाला रस्ता माहीत होता, आम्ही नाही म्हणायला हवं होतं. तेव्हापासून एका दिवसाच्या ट्रिपला आम्ही महाबळेश्वर घेत नाही, प्रतापगड तर नाहीच.

मग काय करायचं? एक नदी धरा. वाई, मेणवली, धोम ही तिन्ही ठिकाणं कृष्णेकाठी आहेत, वाईपासून मेणवली साधारण ३ किलोमीटर आणि धोम आठ-नऊ, म्हणजे एकदा वाईत पोचलात की गाडीत बसणं जवळजवळ संपलंच. स्वारगेटहून वाई सुमारे ८५ किलोमीटर. पावणेसहाला गाडी हलली तर खंबाटकी सकाळच्या गर्दीच्या आधी ओलांडता येते, सुरूर फाट्याला आत वळायचं आणि आठच्या आत तुम्ही घाटावर असता. पावणेसहा म्हणजे सगळे गाडीत बसलेले, पावणेसहाला चहा ठेवलेला नव्हे. चहा-नाश्ता वाटेत किंवा वाईत करा, घरी पोहे करून निघू म्हणणाऱ्यांचे हमखास साडेसात होतात.

सकाळचा वाईचा घाट बघण्यासारखा असतो. पायऱ्या अजून गार, कुणी धुणं धुतंय, कुणी अर्घ्य देतंय, देवळातली घंटा पाण्यावरून ऐकू येते. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं, मूर्ती भलीमोठी, एकाच दगडातली, म्हणून तर नाव ढोल्या गणपती. दर्शन घेऊन लोक समोरूनच परत फिरतात, तसं करू नका, देवळाला वळसा घालून मागची भिंत बघा. माशासारखी निमुळती बांधलीय, पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकाला दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून. मुलांना तिथे उभं करून विचारा भिंत अशी का असेल, आमच्या अनुभवात बरीचशी मुलं स्वतःच ओळखतात. शेजारी काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, तिथला काळ्या दगडाचा नंदी चुकवू नका.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि मागे चंद्रकोरीसारखा घाट. वाडा खाजगी आहे, कधी बंदही असतो, म्हणून आम्ही आदल्या दिवशी तिथल्या ओळखीच्यांना फोन करून विचारून ठेवतो. पण वाडा बंद असला तरी घाट बघता येतो, आणि खरं सांगायचं तर आम्हाला घाटच जास्त आवडतो. तिथे एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलीय, ती पोर्तुगीजांच्या चर्चमधली, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर ज्या घंटा आणल्या त्यातली एक, तिच्यावर १७०७ साल आहे. जवळ जाऊन ते आकडे शोधा, हात लावा, पण टोल देत बसू नका, गावात लोक राहतात. सतरा सीटर असेल तर ती बाहेर उभी करून गल्लीतून चालत जावं लागतं, आजी-आजोबा असतील तर हे बुकिंगच्या वेळीच सांगा, मग आम्ही छोट्या गाड्या देतो.

धोमला नरसिंहाचं देऊळ. तिथे शंकरापुढचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसलाय आणि ते कासव कुंडात आहे, कुंडात पाणी असलं की नंदीला पाठीवर घेऊन कासव पोहतंय असंच वाटतं. पाणी नसेल तरी कोरीवकाम बघा. धरण जवळच आहे, लांबून बघायचं, पाण्यात उतरायचं नाही, यावर आमचे ड्रायव्हर वाद घालणार नाहीत, सरळ अडवतील.

एकपर्यंत जेवण. मग ज्यांना हौस आहे त्यांनी पसरणी घाट चढून पाचगणीला टेबल लँडवर जावं, वाईहून अंतर १२ किलोमीटरच्या आसपास, घाटातून खाली कृष्णेचं खोरं आणि धरणाचं पाणी दिसतं, आपण सकाळी जिथे होतो ते सगळं मुलांना वरून दाखवता येतं. वर नगरपालिकेचा प्रवासी कर आणि पार्किंग द्यावं लागतं. हिवाळ्यात गेलात तर स्ट्रॉबेरी घ्या पण पेटी वरवर बघून घेऊ नका, खालचा थर बघा. साडेचारला पाचगणी सोडायचं म्हणजे सोडायचं, रविवारी संध्याकाळी सगळं पुणं परत येत असतं. जमत असेल तर रविवारऐवजी शनिवार घ्या, रविवारी घरी आराम होतो.

गाडी लागते त्यांच्यासाठी

पसरणी घाटात कुणाला ना कुणाला गाडी लागतेच. उपाशी बसवू नका आणि मिसळ खाऊनही बसवू नका, कोरडं काहीतरी द्या. त्या माणसाला पुढे बसवा, मोबाईल काढून घ्या, काच थोडी उघडी. आले-लिंबाची गोळी किंवा आवळा सुपारी आमच्या प्रत्येक गाडीत असते आणि पिशव्याही असतात, मागायला लाजू नका. मळमळतंय असं वाटलं की लगेच सांगा, घाटात कुठेही थांबता येत नाही, ड्रायव्हरला सुरक्षित जागा बघायला दोन मिनिटं लागतात.

पैशांचं

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात. आउटस्टेशनला साधारणपणे दिवसाला ३०० किलोमीटर मिनिमम धरतात, आम्हीही धरतो, आणि मोजणी गॅरेज ते गॅरेज होते, तुमच्या दारापासून नाही. वाई, मेणवली, धोम, पाचगणी करून परत यायला साधारण २२० होतात. मग लोक म्हणतात, ८० किलोमीटर उरलेत, पैसे तर भरलेच आहेत, चला महाबळेश्वर करून टाकू, आणि दिवस तिथेच बिघडतो, कारण किलोमीटर उरले तरी तास उरलेले नसतात. म्हणून वाईसाठी आम्ही वेगळं पॅकेज केलंय, २५० किलोमीटर आणि १४ तास, रेट त्याच हिशोबाने कमी. टोल, पार्किंग, प्रवासी कर वेगळे, त्याच्या पावत्या मिळतात. ड्रायव्हरचा भत्ता कोटेशनमध्ये लिहिलेला असतो, शेवटी दारात नवीन काही मागितलं जाणार नाही.

मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवसाचं मिनिमम आणि नाईट चार्ज लागतो. आणि एक कळकळीची विनंती, हॉटेल बुक करताना ड्रायव्हरच्या झोपायची सोय विचारा. रात्री बारापर्यंत फिरवून पहाटे पाचला सनराइजला बोलावलं आणि तो गाडीतच अंग दुमडून झोपलेला असला तर पुढचा घाट तुम्ही अर्धवट झोपेतल्या माणसाच्या भरवशावर उतरताय. नंतर काही होण्यापेक्षा आधी तुमचा रोष पत्करलेला बरा म्हणून सांगतो, सात तास झोप झाल्याशिवाय आमची गाडी हलत नाही.

गाडी आमच्याकडून घ्या नाहीतर दुसरीकडून, नंबर प्लेट पिवळी आहे का बघा. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी स्वस्तात मिळते पण ती भाड्याने चालवायला परवानगी नसते, आणि अपघात झाला तर विम्याचं सगळं अडतं.

दोघं-तिघंच असाल तर गाडी करूच नका, आम्ही फोनवरही हेच सांगतो. स्वारगेटहून वाईला एसटी आहे, महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत, ओळखपत्र तेवढं जवळ ठेवा. वाईतून मेणवलीला रिक्षा मिळते. पाच-सहा जण झाले की मग गाडीचा हिशोब बसतो.

पावसाळ्यात पाणी वाढलं की वाईच्या घाटावर पाणी येतं आणि पायऱ्यांवर शेवाळ असतं, पसरणीत धुकं. त्या दिवसांत आम्ही आदल्या दिवशी परिस्थिती विचारतो आणि योग्य वाटलं नाही तर तारीख बदलून देतो, कॅन्सलेशन चार्ज घेत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी घाटाचा दगड इतका तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही, तेव्हा देवळं नऊच्या आत उरका.

फोन कराल तेव्हा एवढं सांगा, माणसं किती, त्यात वयस्कर किती आणि लहान किती, कुणाला गाडी लागते का, गुडघ्याचा त्रास कुणाला आहे का, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे ट्रिप कुणासाठी निघालीय. त्या माणसाचं ठिकाण आम्ही सकाळी पहिलं घेतो. गाडीचा आणि ड्रायव्हरचा नंबर आदल्या संध्याकाळी आठपर्यंत व्हॉट्सॲपवर येतो, आठ वाजून गेले आणि मेसेज दिसला नाही तर वाट बघू नका, लगेच फोन करा.