जुन्या मॅकवर मोहावी टाकायचं का कॅटालिना?

आपल्याइकडे मॅक आला म्हणजे तो बहुतेक सेकंडहँडच असते, पुण्याला नोकरीवर असलेल्या भाच्याचा उतरलेला नाहीतर नागपूरवरून सीताबर्डीतून उचललेला, आणि त्यातही हाती लागते तो २०१२ चा १३ इंची मॅकबुक प्रो, तो डीव्हीडी ड्राइव्हवाला. ॲपलनं हे मॉडेल २०१६ पर्यंत विकलं त्यामुळे अजूनही बाजारात फिरून राहिलं. मग तालुक्याच्या गावात ज्याचं लग्नपत्रिकेचं, फ्लेक्सचं दुकान आहे त्याला वाटते आपणही मॅक घ्यावा, घेतो, आणि मग प्रश्न येतो की यात मॅकओएस, म्हणजे मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम, टाकायची कोणती.

कंपनीच्या हिशेबानं या मशीनची शेवटची पायरी कॅटालिना, म्हणजे १०.१५, आणि तिच्या एक खाली मोहावी, १०.१४. एक २०१८ च्या सप्टेंबरचं, दुसरं २०१९ च्या ऑक्टोबरचं. दोन्ही जवळपास त्याच मशीनवर बसतात (२०१२ पासूनचे एअर, प्रो, मिनी, आयमॅक), डार्क मोड दोन्हीत आहे, डॉक तोच, फाइंडर तोच. पऱ्हाटीचे दोन वाण लांबून सारखेच दिसतात, बोंड फुटल्याशिवाय काही समजत नाही, तसं आहे हे. म्हणून दुकानदार म्हणते, "भाऊ, नवीन ते टाकून घ्या ना, फुकटच आहे", आणि आपण टाकून घेतो.

आणि दुसऱ्या दिवशी पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर, इनडिझाइन सीएस६, उघडत नाही.

खरा फरक हा आहे. मोहावी हे ३२-बिट सॉफ्टवेअर (जुन्या घडणीचं, नवीन ते ६४-बिट) चालवणारं शेवटचं मॅकओएस. कॅटालिनात ॲपलनं ३२-बिटचा पायाच काढून टाकला, बंद करून नाही ठेवला, काढला, त्यामुळे कुठल्या सेटिंगमध्ये जाऊन टिक केली की चालू होईल असं काही नाही. मॅकवरचं इनडिझाइन सीएस६ हे ३२-बिट आहे. ऑफिस २०११ पण ३२-बिट. फोटोशॉप सीएस६ स्वतः ६४-बिट आहे पण त्याचा इन्स्टॉलर आणि लायसनचा भाग ३२-बिट, म्हणजे कॅटालिनावर नव्यानं टाकायला गेलं की तिथंच अडते. जुन्या स्कॅनर-प्रिंटरसोबत आलेल्या सीडीतली सॉफ्टवेअरं तर कितीतरी अशीच. फाँटचं मात्र टेन्शन घेऊ नका, जुने नॉन-युनिकोड मराठी टीटीएफ फाँट दोन्हीवर चालतात, रडगाणं फाँटचं नाही, ते ज्यात वापरायचे त्या सॉफ्टवेअरचं आहे.

आपल्या मशीनवर असं काय काय आहे ते टाकायच्या आधी पाहता येते. मोहावी असेल तर वर डाव्या कोपऱ्यात ॲपलचा लोगो, अबाउट धिस मॅक, सिस्टिम रिपोर्ट, तिथं खाली लेगसी सॉफ्टवेअर म्हणून यादी आहे. हाय सिएरा (मोहावीच्या एक खालचं, १०.१३) असेल तर तिथंच ॲप्लिकेशन्समध्ये ६४-बिटचा कॉलम दिसते, ज्याच्यासमोर नो लिहिलं ते कॅटालिनात गेलं समजा. यादीत तुमच्या पोटापाण्याचं काही निघालं तर विषय संपला, मोहावीच ठेवा, कोणी काहीही सांगो.

आता दुसरी बाजू, आणि ही पण हलकी नाही. मोहावीवर क्रोम ११६ व्या आवृत्तीवर थांबलं, २०२३ मध्ये. फायरफॉक्स ११५ ईएसआरवर (जास्त दिवस सांभाळायची आवृत्ती) अडकलं. सफारी १४ वर. कॅटालिनावर क्रोम १२८ पर्यंत गेलं, २०२४ मध्ये तेही थांबलं, पण फायरफॉक्सनं ११६ पासून कॅटालिनाच किमान धरलं आहे, म्हणजे ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्ये आहे, सातबारा काढणं, महाडीबीटीचे फॉर्म, बँक, व्हॉट्सॲप वेब, पोराचं यूट्यूब, त्याला कॅटालिना आणि त्यावर फायरफॉक्स हेच बरं. मोहावीवर आज साइट उघडून राहिली, उद्या उघडेलच असं नाही.

काहीजण म्हणतात कॅटालिना सेफ आहे. अर्धवट खरं आहे ते. त्यात सिस्टिमचा भाग वेगळ्या रीड-ओन्ली व्हॉल्यूमवर (डिस्कचा असा कप्पा की फक्त वाचता येते, बदलता येत नाही) ठेवला, कोणतं ॲप कुठं हात घालते ते जास्त वेळा विचारते (कटकट वाटेल इतकं विचारते), हे ठीक. पण मोहावीला शेवटचा सिक्युरिटी अपडेट जुलै २०२१ ला आला आणि कॅटालिनाला जुलै २०२२ ला. एक वर्षाचा फरक, दोन्ही आता उघड्यावरच. माझं मत विचाराल तर पत्रिकेच्या कामाचा मोहावीवाला मॅक नेटला जोडूच नका, फाइल पेनड्राइव्हनं आणा, आणि बँकेचं काम मोबाइलवर करा.

स्पीडवरून मात्र भांडू नका. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर दोन्ही रडवतात, कारण मोहावीपासून साध्या हार्डडिस्कलाही एपीएफएस (ॲपलची डिस्कवर फाइल ठेवायची पद्धत) फॉरमॅट लागतो आणि तो एसएसडीसाठी, म्हणजे न फिरणाऱ्या चिपवाल्या डिस्कसाठी, बनलेला आहे. आधी एसएसडी टाका, रॅम ४ ची ८ करा, २०१२ च्या या प्रोमध्ये दोन्ही बदलता येते, एअरमध्ये रॅम बोर्डावरच चिकटलेली असते तिथं काही करता येत नाही.

टाकताना दोन अडचणी येतात. इन्स्टॉलर मोठा आहे, कॅटालिनाचा तर ८ जीबीच्या घरात, रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर होत नाही, ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडे जाऊन १६ जीबीचा पेनड्राइव्ह बनवून आणा. आणि कोणी जुना पेनड्राइव्ह दिला, त्यावरून इन्स्टॉलर "डॅमेज्ड" म्हणाला, तर पेनड्राइव्ह फेकू नका, २०१९ च्या ऑक्टोबरच्या आधी उतरवलेल्या इन्स्टॉलरचं सर्टिफिकेटच संपलेलं आहे, नवीन उतरवा. बॅटरी गेलेली असेल तर इन्व्हर्टरवर लावूनच सुरू करा, आपल्याइकडची लाइन मधातच जाते.

आणि कॅटालिनावरून परत मोहावीवर यायचं तर डिस्क पुसावी लागते, टाइम मशीनचा (मॅकमधलं बॅकअप घ्यायचं ॲप) बॅकअप आधी घ्या. त्यापेक्षा एसएसडीवर जागा असेल तर डिस्क युटिलिटीत जाऊन एपीएफएसचं आणखी एक व्हॉल्यूम जोडा, पार्टिशन पाडायची गरज नाही, जागा दोघं वाटून घेतात. एकावर मोहावी, दुसऱ्यावर कॅटालिना, चालू करताना ऑप्शन बटन दाबून धरलं की कोणतं पाहिजे ते विचारते. लग्नसराईत मोहावी, बाकी वर्षभर कॅटालिना.

२०१० किंवा २०११ चा मॅकबुक प्रो असेल तर हा सगळा प्रश्नच तुमचा नाही, तिथं हाय सिएरावर गाडी थांबते.