कोणाच्या हाताला कोणता कीबोर्ड? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी,

कॉम्प्युटर घ्यायला आलेले ग्राहक प्रोसेसर विचारतात, रॅम विचारतात, एसएसडी किती जीबीची यावर घरी फोन लावून सल्ला घेतात, आणि बिल करायच्या वेळी म्हणतात, "कीबोर्ड द्या कोणताबी." आम्हाला ते खटकते. सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाचा हात दिवसभर ज्या वस्तूवर असतो ती कीबोर्डच आहे. रॅम कमी पडली तर मशीन हळू चालते. कीबोर्ड चुकीचा पडला तर बोटे दुखतात, आधार नंबरात एक आकडा राहून जातो आणि एखाद्या शेतकऱ्याचा अर्ज परत येतो.

दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी या भागातले केंद्रचालक, ग्रामपंचायतीचे ऑपरेटर, पतसंस्थेतले लेखनिक, जिनिंगचे मुनीम, तहसीलसमोर बसणारे अर्जनवीस आणि टायपिंगची मुले-मुली आमच्याकडे येतात. आपल्याला कोणता कीबोर्ड आवडतो आणि का, हे ते काउंटरवर सांगतात. त्यांचे ऐकून आणि दुरुस्तीला आलेले कीबोर्ड उघडून आम्हाला जे समजले, ते या पत्रकात आहे.

झाकण उघडले की काय दिसते

स्वस्त आणि सगळीकडे दिसणारा कीबोर्ड आतून रबराचा असतो. त्याला मेम्ब्रेन म्हणतात. प्लास्टिकचे तीन पातळ कागद एकावर एक ठेवलेले असतात. वरच्या आणि खालच्या कागदावर वीज वाहणाऱ्या रेषा छापलेल्या असतात आणि मधल्याला भोके असतात. प्रत्येक बटणाखाली रबराची छोटी टोपी असते. बटण दाबले की टोपी बसते, वरची रेष मधल्या भोकातून खालच्या रेषेला टेकते आणि अक्षर उमटते. म्हणजे बटण तळापर्यंत दाबावेच लागते. अर्धवट दाबले तर अक्षर येत नाही, आणि ते राहिले हे बोटाला कळतही नाही.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा वेगळा स्विच असतो, त्यात स्टीलची स्प्रिंग आणि धातूचा संपर्क असतो. बटणाचा एकूण प्रवास साधारण ४ मिलिमीटर, पण अक्षर निम्म्या वाटेवर, साधारण २ मिलिमीटरवरच उमटते. सराव झाला की बोट तळाला आपटायची गरज उरत नाही. दिवसाला शे-दीडशे अर्ज भरणाऱ्याच्या बोटांना हा फरक संध्याकाळी जाणवतो.

या स्विचचा आज सगळीकडे चालणारा नमुना जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणला. पेटंटची मुदत संपल्यावर गेटेरॉन, कैल, औटेमू अशा चिनी कंपन्याही तसेच स्विच बनवू लागल्या. म्हणून आता मेकॅनिकल कीबोर्ड आपल्या बाजाराच्या आवाक्यात आला आहे. स्विचचा रंग पाहून त्याचा स्वभाव ओळखता येतो. निळा वाजतो आणि बोटाला खटका देतो, तपकिरी हलका खटका देतो पण फारसा वाजत नाही, लाल सरळ खाली जातो, त्याला टक् आवाजही नाही आणि खटकाही नाही.

टक् वाजणाऱ्यावर लोकांचा जीव का आहे

आमच्याकडचे जुने टायपिस्ट, डीटीपीवाले आणि पतसंस्थेचे लेखनिक निळ्या स्विचच्या कीबोर्डशिवाय दुसऱ्याला हात लावत नाहीत. भारतात या जातीचा सगळ्यात ओळखीचा कीबोर्ड म्हणजे टीव्हीएस गोल्ड. बँका, छापखाने, कोर्टाबाहेरची टेबले अशा ठिकाणी तो वर्षानुवर्षे वाजतो आहे. आमच्या एका अर्जनवीस ग्राहकाचे म्हणणे असे, "आवाज आला म्हंजे अक्षर पडलं. मंग स्क्रीनकडे पाहाले कायले लागते?" आमच्या मते या कीबोर्डचे याहून नेमके वर्णन नाही. त्यांची नजर समोरच्या कागदावर असते, सातबाऱ्यावरचा गट नंबर वाचत असते. अक्षर उमटल्याची खात्री कानाला आणि बोटाला मिळते.

यामागे टाइपरायटरची सवयही आहे. गोदरेजने १९५५ मध्ये भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि पुढे काही दशके तालुक्याच्या प्रत्येक टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तो खडखडत होता. त्यावर शिकलेला हात जोरात पडतो. रबराचा कीबोर्ड असा हात फार काळ सोसत नाही. टोप्या चिरतात, स्पेसबार एका बाजूने बसतो. कंपन्या स्वतः जे आकडे सांगतात ते साध्या रबरी कीबोर्डसाठी प्रत्येक बटणाला ५० लाख ते १ कोटी दाब आणि चांगल्या मेकॅनिकल स्विचसाठी ५ कोटी दाब असे असतात.

दुसरे कारण दुरुस्तीचे. मेकॅनिकलचे एक बटण गेले तर तेवढाच स्विच काढून नवा डाग देता येतो, बाकी कीबोर्ड तसाच चालतो. रबरी कीबोर्डच्या आतली रेष तुटली तर चांदीच्या रंगाने जोडता येते, पण मजुरीत नवा कीबोर्ड येतो, म्हणून आम्ही ग्राहकाला तसे स्पष्ट सांगतो.

किंमत मात्र साध्याच्या पाच-सहा पट पडते, आणि आवाज खरोखर मोठा असतो. घरी रात्री काम करणाऱ्याने, शेजारी लेकरू झोपत असेल तर, निळा घेऊ नये. तपकिरी किंवा लाल पाहावा.

एक सावधगिरी. खोक्यावर "मेकॅनिकल फील" किंवा "सेमी मेकॅनिकल" लिहिलेले असते, आतून रंगीत दिवे लागतात, आणि खाली मात्र रबरच असते. पोरांना दिवे आवडतात, हौसेला आमची ना नाही, पण मेकॅनिकलचे पैसे देऊन रबर घेऊ नका. दुकानदाराला एक बटण उपसून दाखवायला सांगा. खाली रंगीत प्लास्टिकची अधिक चिन्हासारखी दांडी आणि तिच्याभोवती चौकोनी स्विच दिसला तर तो मेकॅनिकल. आमच्या दुकानात बटण उपसायची क्लिप काउंटरवरच ठेवलेली आहे.

रबरी कीबोर्डही वाईट नाही

लॉजिटेकचा के १२० किंवा डेलचा साधा वायरवाला कीबोर्ड वर्षानुवर्षे वापरणारे आणि तोच पुन्हा मागणारे ग्राहक आमच्याकडे बरेच आहेत. तो हलका आहे, आवाज कमी, थोडे पाणी सांडले तर के १२० च्या तळाला निचऱ्याची छिद्रे आहेत, आणि बिघडला तर मन खात नाही. ग्रामपंचायतीत जिथे एका कीबोर्डवर चार जण हात मारतात तिथे आम्ही हाच देतो.

टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना तर आम्ही महागडा कीबोर्ड घेऊच नका म्हणतो. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द प्रति मिनिट हे प्रमाणपत्र लागते, आणि परीक्षा केंद्रावर समोर बहुधा साधा रबरी कीबोर्डच येतो. हात त्यालाच सरावलेला बरा.

आकड्यांचे काम

सेवा केंद्रात अक्षरांपेक्षा आकडे जास्त. आधार १२ आकडी, मोबाइल १० आकडी, त्यात खाते क्रमांक आणि गट नंबर. ज्यांचे हे काम आहे त्यांनी उजवीकडे आकड्यांचा वेगळा गठ्ठा, म्हणजे नमपॅड, असलेलाच पूर्ण कीबोर्ड घ्यावा. ८७ बटणांचा आखूड कीबोर्ड टेबलावर सुटसुटीत दिसतो, पण पीक विम्याच्या शेवटच्या आठवड्यात नमपॅडशिवाय हाल होतात. नमपॅडच्या ५ वर बारीक उंचवटा असतो, मधले बोट त्यावर ठेवले की बाकीचे आकडे न पाहता सापडतात. मोबाइलवर १-२-३ वर असतात आणि नमपॅडवर ७-८-९ वर, त्यामुळे नव्या मुलांकडून सुरुवातीला चुका होतात. आठवडाभर सराव केला की हात बसतो. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी सुटा यूएसबी नमपॅड मिळतो. आमच्याकडची ही सगळ्यात कमी ओळखीची आणि सगळ्यात उपयोगी वस्तू आहे.

बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड ११ खुणांचा असतो आणि त्यातली पाचवी खूण नेहमी शून्य असते. तिथे इंग्रजी ओ पडला की पैसे अडकतात. ती खूण नमपॅडवरून टाकायची सवय लावा, चूक होणारच नाही.

मराठी कशी टाइप करता?

कीबोर्ड विकताना आम्ही हा प्रश्न विचारतोच, कारण उत्तरावर बरेच अवलंबून आहे. टाइपरायटरवर शिकलेले लोक रेमिंग्टन मांडणी वापरतात. त्यांचा वेग उत्तम आहे, त्यांनी ती बदलू नये. फक्त जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टमधला मजकूर ऑनलाइन पोर्टलवर चिकटवला की अगम्य चिन्हे दिसतात. तिथे युनिकोडच लागतो, म्हणजे कोणत्याही मशीनवर सारखी वाचता येणारी अक्षरे. रेमिंग्टन मांडणीतून युनिकोड टाइप करता येतो, ती सोय आम्ही मशीनवर बसवून देतो.

नव्याने शिकणाऱ्याला आम्ही इनस्क्रिप्ट ही मांडणी शिका असे आग्रहाने सांगतो. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ती ठरवली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिला जागा मिळाली. विंडोजमध्ये ती आधीपासून असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. तिची रचना आपल्या बाराखडीच्या वळणाची आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. क आणि ख एकाच बटणावर, त आणि थ एकाच बटणावर, शिफ्ट धरले की महाप्राण अक्षर. म्हणून पाहून पाहून शोधावे लागत नाही. आणि सगळ्या भारतीय लिप्यांना जागा त्याच. पांढरकवडा, झरीकडच्या ज्या ग्राहकांना तेलुगूचेही काम पडते, त्यांना क साठी दुसरे बटण शोधावे लागत नाही.

आपल्याकडे रोज लागणारा एक शब्द घ्या, "शेतकऱ्यांना". यातला ऱ्य बऱ्याच जणांकडून र्य असा चुकतो आणि सगळा अर्ज "शेतकर्यांना" म्हणत राहतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबा, ऱ येतो. मग डी दाबा, तो हलन्त. मग य. ऱ्य बरोबर उमटतो. क्ष, ज्ञ, त्र, श्र हे वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्टसोबत आहेत: ५ वर ज्ञ, ६ वर त्र, ७ वर क्ष, ८ वर श्र. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये आले. इंग्रजी (भारत) मांडणी निवडलेली असेल तर उजवा ऑल्ट आणि ४ दाबले की ₹ उमटते.

बटणांवर मराठी अक्षरे छापलेले द्विभाषिक कीबोर्ड येतात, स्टिकरही मिळतात. स्टिकर सुरुवातीला चालतात, पण उन्हाळ्यात घामाच्या हातांनी सुटू लागतात. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणारी पद्धत अधूनमधून लिहिणाऱ्यासाठी ठीक आहे. रोजच्या कामाला ती पुरत नाही, प्रत्येक शब्दाला पर्याय निवडत बसावे लागते.

कूलर, कापूस आणि खर्रा

दुरुस्तीला आलेले कीबोर्ड उघडल्यावर आतून जे निघते ते आपल्या भागाचेच असते. जिनिंगच्या ऑफिसातल्या कीबोर्डमध्ये रुईचे तंतू गुंडाळलेले असतात. ते ओलावा धरतात आणि बटण जड होते. त्यांनी आठवड्यातून एकदा कीबोर्ड उलटा करून हलके थोपटावा, मग मऊ ब्रश फिरवावा.

उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा ऑफिसात कूलर लागतोच. तो लावा, फक्त त्याचा झोत थेट कीबोर्डवर येऊ देऊ नका. कूलरसोबत बारीक थेंब येतात, बोअरच्या पाण्यातले क्षार आत वाळून पांढरा थर धरतात आणि धातूचे संपर्क खराब होतात. मे महिन्यात चांगले मेकॅनिकल कीबोर्ड याच कारणाने आमच्या टेबलावर येतात, आणि वाईट वाटते, कारण टेबल चार फूट सरकवले असते तर ते वाचले असते.

खर्रा चोळलेला हात तसाच कीबोर्डवर ठेवू नका, ही मनापासून विनंती. सुपारीचा चुरा बटणाखाली अडकतो आणि चुना ओलसर असला की धातू खातो. हात धुऊन बसले तर कीबोर्डचे आयुष्य नक्की वाढेल, ग्राहकालाही बरे वाटेल.

चहा सांडला तर आधी वायर काढा, कीबोर्ड पालथा घाला आणि आमच्याकडे आणा. सुकला म्हणून परत लावू नका, साखर आत चिकटलेली असते. केस वाळवायच्या गरम हवेने रबर आणि प्लास्टिक वाकते. बटणे मळली असतील तर उपसून कोमट साबणाच्या पाण्यात धुवावी आणि सावलीत पूर्ण वाळवून लावावी. थिनर, पेट्रोल लावू नये, प्लास्टिक विरघळते. रात्री वरून जुना सुती रुमाल टाका. सिलिकॉनच्या आवरणाने बटणे जड होतात, ते आम्ही ठेवतच नाही.

मनगट दुखते का?

कीबोर्डच्या मागचे दोन पाय उभे करायची सवय सगळ्यांना आहे. त्याने मनगट वर मोडते. पाय दुमडून कीबोर्ड सपाट ठेवा. टेबल उंच आणि प्लास्टिकची खुर्ची बुटकी असेल तर खांदे वर चढतात, मान भरून येते. खुर्चीवर उशी घ्या किंवा टेबलाखाली सरकती फळी बसवून घ्या, गावातला सुतार ती बसवून देईल.

वायरलेस कीबोर्ड जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना सोयीचा, वर्गात फिरता फिरता टीव्हीवर लिहिता येते. सेवा केंद्राच्या टेबलावर तो नको, ऐन गर्दीत सेल उतरतात.

घ्यायला येताना

आमच्या काउंटरवर निळ्या, तपकिरी, लाल स्विचचे आणि रबराचे कीबोर्ड चालू मशीनला जोडून ठेवलेले आहेत. रोज भरता तो एखादा कोरा अर्ज सोबत आणा आणि बसून पूर्ण टाइप करा, घाई नाही. भाव इथे छापले नाहीत, ते बदलत राहतात. जुना गोल पिनचा कीबोर्ड चांगला चालत असेल तर फेकू नका, यूएसबीचा कन्व्हर्टर लावून पाहू. बाजाराच्या दिवशी सकाळी गर्दी असते, शक्यतो दुपारनंतर या.