अध्यात्म म्हणजे स्वभाव: गीतेतल्या एका चरणाची पार्श्वभूमी

आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुन प्रश्नांची सरबत्ती करतो. ब्रह्म काय, अध्यात्म काय, कर्म काय? तिसऱ्या श्लोकात अध्यात्माचं उत्तर एका चरणात येतं: 'स्वभावोऽध्यात्ममुच्यते.' स्वभावालाच अध्यात्म म्हणतात. माणसाच्या आत नेमकं काय आहे, यावर पुढे जे मतभेद झाले, त्यांतले मोठे या आठ अक्षरांपाशी येऊन भिडतात.

हल्ली 'तो अध्यात्माकडे वळला' म्हटलं की घरादारातून लक्ष काढलेला, देहाची फिकीर सोडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. उपनिषदांत या शब्दाचा वापर फार वेगळा आहे. छांदोग्य उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात ब्रह्माचे चार पाद, म्हणजे चार भाग, सांगितलेत. वाणी, प्राण, डोळा आणि कान हे चार म्हणजे अध्यात्म. अग्नी, वायू, सूर्य आणि दिशा हे चार म्हणजे अधिदैवत, बाहेरच्या देवतांची बाजू. जे बाहेर सूर्य म्हणून आहे, तेच आत डोळा म्हणून. अध्यात्म म्हणजे माणसाकडून, त्याच्या देहाकडून केलेला विचार. कठोपनिषदात इंद्रियांची दारं बाहेर उघडणारी आहेत, अमृतत्वाची इच्छा असलेला एखादाच धीर पुरुष नजर उलटी फिरवतो, असं येतं. अंतर्मुखतेचं आपल्याकडचं हे फार जुनं वर्णन. पण तिथेही नजर फिरवायची ती देहात राहूनच.

आता मूळ वाद. शांकरभाष्य, म्हणजे शंकराचार्यांची गीतेवरची टीका, या चरणाचा अर्थ असा लावतं: परब्रह्मच प्रत्येक देहात प्रत्यगात्मा, म्हणजे आतला आत्मा, म्हणून असतं, तो त्याचा स्वभाव, आणि तेच अध्यात्म. म्हणजे आत उतरलात की शेवटी ब्रह्मच. रामानुजाचार्यांचं भाष्य नेमकं उलटं सांगतं. तिथे स्वभाव म्हणजे प्रकृती. आत्म्याला चिकटलेली, पण आत्मा नसलेली. सूक्ष्म भूतं, म्हणजे पृथ्वी-पाण्यासारख्या महाभूतांची सूक्ष्म रूपं, आणि त्यांच्या वासना. शुद्ध आत्मा मिळवायचा आणि हा स्वभाव टाकायचा, म्हणून मुमुक्षूने, मोक्षाची इच्छा असलेल्याने, दोन्ही ओळखून घ्यायचे. एकाच शब्दाला एका भाष्यात गाठायचं ठिकाण मानलंय, तर दुसऱ्यात उतरवून ठेवायचं ओझं.

कोणाचं बरोबर? गीतेतच इतरत्र पाहिलं तर रामानुजभाष्याची बाजू जड वाटते. पाचव्या अध्यायात कर्तृत्व आणि कर्म प्रभू निर्माण करत नाही, स्वभाव प्रवृत्त होतो असं म्हटलंय. सतराव्यात श्रद्धा स्वभावातून येते आणि ती सात्त्विक, राजस, तामस अशी तीन प्रकारची असते. अठराव्यात अर्जुनाला बजावलंय की तू स्वभावातून आलेल्या कर्माने बांधलेला आहेस, नको म्हणालास तरी करशीलच. हा स्वभाव ब्रह्म असणं कठीण; ही घडण आहे, कल आहे. शांकरभाष्यातही एक बारकावा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. 'अध्यात्म' शब्दाची फोड करताना तिथे 'आत्मानं देहमधिकृत्य' असं लिहिलंय. आत्मा म्हणजे इथे देह! ब्रह्मापर्यंत पोचणारा अर्थसुद्धा निघतो देहापासूनच. माझ्या मते हा वाद समजून घ्यायचा तर हे तीन शब्द आधी वाचावेत.

मराठीत शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला झालेल्या ज्ञानेश्वरीने पारडं अद्वैताकडे, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच या मताकडे, झुकवलं. आकाराबरोबर जन्मत नाही, आकार मोडल्यावर मरत नाही, अशी जी ब्रह्माची सहजस्थिती, तिला तिथे अध्यात्म म्हटलंय. वारकरी कीर्तनात हाच अर्थ रुजला.

स्वभावाची दुसरी, काळी बाजूही इथेच नोंदवायला हवी. अठराव्या अध्यायात चार वर्णांची कर्मं स्वभावातून आलेल्या गुणांप्रमाणे वाटलेली आहेत. त्याचा आधार घेऊन पिढ्यान्‌पिढ्या माणसाचा 'आतला' स्वभाव त्याच्या जन्मावरून ठरवला गेला. गुण जन्माने येत नाहीत असं सांगणारे टीकाकार होते, पण व्यवहारात जन्मच जिंकला. आतल्या घडणीबद्दलच्या विचाराचा याहून मोठा गैरवापर आपल्याकडे झालेला नाही.

देहाचा धागा मराठीत टिकला तो दासबोधात. तिसऱ्या दशकात तीन तापांवर, म्हणजे तीन प्रकारच्या दुःखांवर, तीन समास आहेत. आध्यात्मिक ताप म्हणजे देह, इंद्रियं आणि प्राण यांच्या योगाने होणारा त्रास. त्याची उदाहरणं खरूज, खवडे, पुळ्या, नारू, देवी, गोवर. सांख्य दर्शनाच्या दुःखत्रयातही, म्हणजे दुःखाच्या तीन प्रकारांतही, आध्यात्मिक दुःख शारीर आणि मानस असं दुहेरीच आहे. आज मठात बसून 'आध्यात्मिक त्रास' हा शब्द ऐकणाऱ्याला त्यात नारू येतो हे पटणार नाही. पण सतराव्या शतकातल्या श्रोत्याला ते सरळ कळत होतं.

अलीकडचा मोठा बदल मंडालेच्या तुरुंगात झाला. 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि 1915 साली छापलेल्या, लोकमान्य टिळकांच्या गीतारहस्यात आधिभौतिक, आधिदैविक, आध्यात्मिक हे जुने शब्द विचाराच्या तीन पद्धतींना लावले आहेत. त्यांच्याशेजारी ऑग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाची त्रिविभागणी ठेवलेली आहे. या मांडणीत कृत्याची नीती केवळ बाहेरच्या परिणामांवरून, किती जणांना किती सुख झालं यावरून, ठरत नाही. करणाऱ्याची बुद्धी सम आणि शुद्ध आहे का, हे आधी पाहायचं. आतलेपण इथे थेट कर्माला जोडलं गेलं, आणि विसाव्या शतकातल्या मराठी वाचकाला अध्यात्म पुन्हा चावडीवर, सभेत आणि तुरुंगात भेटलं.

त्यानंतर इंग्रजीच्या वळणाने 'आध्यात्मिक' हे विशेषण 'धार्मिक नसलेलं पण आतलं' अशा सैल अर्थानेही फिरू लागलं. जागतिक आरोग्य संघटनेतही हाच गुंता दिसला. 1984 साली तिथल्या सभेने आरोग्याला आध्यात्मिक अंग असल्याचं ठरावात मान्य केलं. 1998 च्या जानेवारीत कार्यकारी मंडळाने शारीरिक, मानसिक आणि सामाजिक यांच्या जोडीला हा शब्द आरोग्याच्या व्याख्येतच घालण्याची शिफारस केली. पुढच्या वर्षी सभेने त्यावर निर्णय घेतला नाही आणि 1948 पासून लागू असलेली व्याख्या तशीच राहिली. त्या व्याख्येत देह, मन आणि समाज असे तीन वेगळे खण आहेत, आणि आध्यात्मिक हा चौथा खण म्हणून सुचवला गेला होता. छांदोग्य, सांख्य आणि दासबोध यांच्या हिशेबात मात्र पहिले दोन खण मिळूनच आध्यात्मिक होतात.