पेट्रोलला रॉकेल समजू नका

आपल्याकडे दोन-तीन पिढ्या रॉकेलवर वाढल्या. स्टोव्हला रॉकेल, कंदिलाला रॉकेल, ओली लाकडं पेटत नसली की त्यावर थोडं रॉकेल, सायकलची चेन धुवायलाही तेच, आणि ते घरात कुठल्याही बाटलीत नाहीतर डबड्यात भरून कोपऱ्यात ठेवलेलं असायचं. आता रेशनवर रॉकेल मिळेनासं झालंय, तर तीच सगळी कामं लोक पेट्रोलवर करायला लागलेत आणि हात मात्र जुन्याच सवयीने चालतो, कचरा पेटवायचा तर ओत पेट्रोल, ग्रीस काढायचंय तर घे वाटीत पेट्रोल. मला याची खरंच भीती वाटते, कारण ही दोन इंधनं दिसायला सारखी असली तरी वागायला अजिबात सारखी नाहीत.

मुळात द्रव जळत नाही, त्याच्यावर जमलेली वाफ जळते. पेटण्याइतकी वाफ ज्या तापमानाला तयार व्हायला लागते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट ३५ अंश सेल्सिअसच्या वर असतो, म्हणून ते एरवी वातीवर चढल्याशिवाय किंवा तापवल्याशिवाय सहज पेट घेत नाही. पेट्रोलचा आहे उणे ४० च्या आसपास! म्हणजे महाबळेश्वरची थंडी सोडा, लडाखच्या हिवाळ्यातसुद्धा उघड्या पेट्रोलवर पेटणारी वाफ असतेच. त्यामुळे तुम्ही कचऱ्यावर पेट्रोल ओतून काडी शोधेपर्यंत वाफ तुमच्या पायापर्यंत आलेली असते, आणि काडी ओढल्यावर पेटतो तो नुसता कचरा नाही, मधली सगळी हवा पेटते.

थोडा हिशोब करू. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर साधारण २०० लिटर वाफ होते. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण १.४ टक्क्यांपासून ७.६ टक्क्यांपर्यंत असलं की ती पेटू शकते. म्हणजे एका लिटरमधून जवळजवळ १४,००० लिटर पेटणारी हवा तयार होऊ शकते, १० बाय १० ची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर तिचा खालचा निम्मा भाग. खालचा म्हटलं ते मुद्दाम, कारण ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, पाणी उतार शोधत जातं तशी जमिनीलगत सरकत जाते, जिन्यावरून तळमजल्यात, पार्किंगमधून गटारात, दाराखालच्या फटीतून शेजारच्या खोलीत. तिथे समई असेल, गॅस गिझर असेल, नाहीतर फ्रिज चालू-बंद होताना उडणारी ठिणगी असेल, तर ज्वाळा त्याच वाटेने उलटी मूळ पेट्रोलपर्यंत येते. आणि टाकीच्या आत मात्र बहुतेक वेळा वाफ इतकी दाट असते की ती पेटण्याच्या वरच्या मर्यादेपलीकडे जाते, म्हणजे पेटतच नाही! धोका टाकीच्या आतपेक्षा बाहेर, जिथे वाफ हवेत मिसळते तिथे जास्त.

हे मोठ्या प्रमाणावर झालं की काय होतं ते जयपूरने पाहिलंय. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी सीतापुरा इथल्या इंडियन ऑइलच्या डेपोत टाकीतून पाइपलाइनमध्ये पेट्रोल पाठवायची तयारी चालू असताना गळती झाली आणि ती बंद करता आली नाही. सुमारे सव्वा तास पेट्रोल बाहेर पडत राहिलं, वाफेचा ढग डेपोभर पसरला आणि मग कुठूनतरी ठिणगी मिळाली. ११ माणसं गेली, आग कित्येक दिवस जळत होती. त्याआधी २००५ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या बन्सफिल्डला टाकी भरून वाहिली आणि जवळपास असंच झालं, पातळी दाखवणारा गेज अडकला होता म्हणून टाकी भरल्याचं कुणाला कळलंच नाही.

आता ठिणगीबद्दल. पंपावर मोबाइलची पाटी असते ती पाळावी, लक्ष विचलित होतं हे कारणही पुरेसं आहे, पण अमेरिकेत पंपांवरच्या आगींचा अभ्यास झाला तेव्हा मोबाइलमुळे लागलेली एकही आग सिद्ध झाली नाही, बऱ्याच आगी स्टॅटिक विजेच्या निघाल्या. पेट्रोलची वाफ पेटायला एका मिलिज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा लागते, कोरड्या हवेत दाराच्या कडीला हात लावल्यावर जो चटका बसतो ना, त्यात त्यापेक्षा जास्त असते. पेट्रोल स्वतः वीज नीट वाहून नेत नाही, त्यामुळे पाइपमधून वाहताना त्यात चार्ज साठतो. म्हणून कॅन भरायचाच असेल तर धातूचा घ्या, गाडीवर किंवा डिकीतल्या कार्पेटवर न ठेवता जमिनीवर ठेवा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून हळू भरू द्या आणि वर थोडी जागा सोडा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत तर नकोच नको. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत लायसन्सशिवाय ठेवता येतं, पण काचेचं किंवा चिनीमातीचं भांडं एक लिटरपर्यंतचं आणि धातूचं २५ लिटरपर्यंतचं, त्या यादीत प्लॅस्टिक नाहीच. विकायला ठेवलं तर ही सूट मिळत नाही, टपरीवर बाटल्या मांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. (हे सगळं बघणाऱ्या पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे.)

दर उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरतं की टाकी फुल केली तर स्फोट होतो. नाही होत. पेट्रोल आपोआप पेटायला अडीचशे अंशांच्या वर तापमान लागतं. फक्त नोझल एकदा कट झाल्यावर आणखी कोंबून भरू नका, सांडतं आणि वाफ गोळा करणाऱ्या कॅनिस्टरमध्येही जातं.

अजून एक, तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणं. हे कितीतरी गॅरेजमध्ये रोज चालतं आणि ते बंद व्हायला हवं. पेट्रोल इतकं पातळ असतं की घोटभर जरी चुकून श्वासनलिकेत गेलं तरी फुप्फुसात पसरतं आणि न्यूमोनियासारखा त्रास होतो, कधी कधी काही तासांनी. कुणी गिळलं तर त्याला उलटी करायला लावू नका, उलटीत ते पुन्हा फुप्फुसात जाऊ शकतं, सरळ हॉस्पिटल गाठा. पेट्रोलने हात धुणंही सोडा, त्यात बेन्झीन असतं, आता मर्यादा एक टक्क्यापर्यंत आणलीय तरी बेन्झीनने रक्ताचा कॅन्सर होतो हे पक्कं माहीत आहे.

आग लागलीच तर पाण्याची बादली ओतू नका. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगत जळत जळत पसरतं. वाळू, फोम किंवा पावडरचा एक्स्टिंग्विशर लागतो. आणि पंपावर भरताना टाकीच्या तोंडाशी भडका उडाला तर नोझल ओढून बाहेर काढू नका, माणूस घाबरून पहिल्यांदा तेच करतो आणि पेटलेलं पेट्रोल अंगावर उडतं, नोझल तिथेच सोडून लांब व्हा आणि ओरडून पंपवाल्याला मेन स्विच बंद करायला सांगा.