सारखी वागणूक आणि भाषेचा हक्क: ओशच्या उझबेकांच्या दोन वेगळ्या मागण्या

किर्गिझस्तानात विद्यापीठात जायचं तर शाळा संपताना एक देशव्यापी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पूर्वी ती किर्गिझ, रशियन आणि उझबेक अशा तीन भाषांत होत असे. 2010च्या दशकाच्या मध्यात उझबेक प्रश्नपत्रिका बंद झाली, बाकीच्या दोन राहिल्या. नियम सर्वांना एकच आहे. किर्गिझ मुलगी असो की उझबेक, प्रश्न तेच, वेळ तेवढाच, गुणही तेच. मग दक्षिणेतल्या ओशसारख्या शहरांतल्या उझबेक पालकांची तक्रार नेमकी कशाबद्दल आहे?

या प्रश्नावर भली भली माणसं अडखळतात, कारण दोन वेगळे हक्क एकाच नावाखाली खपवले जातात. पहिला हक्क आहे तुम्ही कोण आहात यावरून वाईट वागणूक न मिळण्याचा. दुसरा आहे आपली भाषा, आपला धर्म, आपली संस्कृती आपल्या लोकांसोबत जगण्याचा आणि ती पुढच्या पिढीला देण्याचा. पहिल्यात 'आम्हाला इतरांसारखंच वागवा' ही मागणी असते. दुसऱ्यात 'आम्ही इतरांसारखे नाही, तेवढी जागा राहू द्या' ही. बोलणारी माणसं तीच असली तरी या मागण्या दोन आहेत.

आधी ही माणसं कोण, ते सांगते. फरगाना खोरं आज उझबेकिस्तान, किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान या तीन देशांत विभागलेलं आहे. 1924 पासून सोव्हिएत राजवटीने तिथे वंशानुसार प्रजासत्ताकं आखली, पण बाजारपेठांची गावं आणि भोवतालची कुरणं अशी मिसळलेली होती की कुठलीही रेघ सरळ पडणार नव्हती. ओश, उझगेन, जलालाबाद (अफगाणिस्तानातलं वेगळं) ही गावं किर्गिझ बाजूला गेली आणि तिथले उझबेक घरातून न हलता अल्पसंख्य झाले. आज ते किर्गिझस्तानच्या लोकसंख्येत साधारण 14 टक्के आहेत. ओशमधल्या सुलेमान डोंगरावर पंधराव्या शतकाच्या अखेरीस तरुण बाबराने एक छोटी खोली बांधली होती. तो ज्या चगताई भाषेत लिहायचा, तिच्यातूनच आजची उझबेक साहित्यभाषा आली. म्हणजे ही भाषा या गावात कालपरवा आलेली नाही.

पहिल्या हक्काची पायमल्ली ओळखायला सोपी असते. 1990च्या जूनमध्ये जमिनीच्या वाटपावरून ओश आणि उझगेनमध्ये किर्गिझ आणि उझबेकांत दंगल झाली आणि शेकडो माणसं मेली. 2010च्या जूनमध्ये पुन्हा तेच झालं. आंतरराष्ट्रीय चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे 470 दिला. त्यांत उझबेक बहुसंख्य होते, आणि नंतर जे खटले उभे राहिले त्यांतले आरोपीही बहुसंख्य उझबेकच होते. बाजार-कोर्गोनचे मानवी हक्क कार्यकर्ते अझिमजान अस्कारोव्ह यांना एका पोलिसाच्या हत्येत गुंतल्याच्या आरोपावरून जन्मठेप झाली. त्यांचा छळ झाला, खटला न्याय्य झाला नाही, त्यांना तत्काळ सोडा, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने 2016 मध्ये सांगितलं. त्यांना सोडलं नाही. 25 जुलै 2020 रोजी ते तुरुंगातच वारले. इथे काय चुकलं हे समजायला भाषेच्या कायद्याची गरजच नाही. 1966च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराची कलमं 2 आणि 26 पुरेशी आहेत: कायद्यापुढे सगळे सारखे. किर्गिझस्तान या करारात 1994 मध्ये सामील झाला आहे.

भाषेचा हक्क त्याच कराराच्या कलम 27 मध्ये आहे. वांशिक, धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या समूहातल्या इतरांसोबत आपली संस्कृती जगण्याचा, आपला धर्म पाळण्याचा, आपली भाषा वापरण्याचा हक्क नाकारता येणार नाही, असं ते म्हणतं. 'इतरांसोबत' या शब्दावर मी मुद्दाम थांबते. कोणालाही एकट्याने भाषा जपता येत नाही. त्यासाठी शाळा, शिक्षक, वर्तमानपत्र आणि रंगमंच लागतो. 1994 मध्ये त्याच समितीने कलम 27चं विवेचन करताना स्पष्ट केलं की हा हक्क समानतेच्या हमीपेक्षा वेगळा आहे. आम्ही कुणाशीच भेदभाव करत नाही, म्हणून आमच्याकडे अल्पसंख्याकच नाहीत, असं म्हणणाऱ्या सरकारांची चूकही तिने दाखवून दिली. शिवाय नुसतं अडवलं नाही एवढ्याने भागत नाही, सरकारला प्रत्यक्ष पावलं उचलावी लागू शकतात, हेही सांगितलं.

याहून जुना दाखला अल्बानियाचा आहे आणि माझ्या मते याबाबतीत त्याच्याइतका स्वच्छ दाखला दुसरा नाही. 1933 मध्ये अल्बानियाने देशातल्या सगळ्या खासगी शाळा बंद केल्या. त्यांत ग्रीक अल्पसंख्याकांच्या शाळाही गेल्या. सरकारचं म्हणणं होतं, बंदी सर्वांना आहे, भेदभाव कुठे आहे? 1935 मध्ये हेगच्या तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे मान्य केलं नाही. कायद्यातली समानता आणि प्रत्यक्षातली समानता वेगळी, असं न्यायालयाने सांगितलं. बहुसंख्याकांची मुलं सरकारी शाळेत आपल्याच भाषेत शिकत राहतात, अल्पसंख्याकांच्या मुलांची मात्र एकुलती एक शाळा जाते.

आता ओशच्या प्रश्नपत्रिकेकडे परत या. उझबेक माध्यमाच्या शाळेवर बंदी नाही. पण अकरा वर्षं उझबेकमध्ये गणित शिकलेल्या मुलीला शेवटची परीक्षा दुसऱ्या भाषेत द्यायची असेल, तर शहाणे आईबाप तिला पहिलीतच रशियन किंवा किर्गिझ शाळेत घालतात. वर्ग रोडावतात आणि रोडावलेल्या शाळेचं माध्यम बदलणं सोपं होतं. शाळेला कुलूप न लावताच हे घडतं. त्यात लिपीची अडचण आहेच. उझबेकिस्तानने 1993 मध्ये लॅटिन लिपी स्वीकारली, किर्गिझस्तानातल्या उझबेक शाळा मात्र सिरिलिकमध्येच, म्हणजे रशियनच्या लिपीतच, शिकत राहिल्या. त्यामुळे शेजारच्या देशातली क्रमिक पुस्तकं आणून वर्ग चालवणंही अवघड झालं. 2010 नंतर ओशमधल्या उझबेक भाषेतल्या 'ओश टीव्ही' आणि 'मेझोन' या वाहिन्या गेल्या. ओशच्या किर्गिझ-उझबेक विद्यापीठाच्या नावातून उझबेक शब्द काही वर्षं निघून गेला होता. यातल्या एकेका गोष्टीला वेगळं स्पष्टीकरण देता येईल. एकत्र पाहिलं की एक भाषा घरापुरती उरते आहे हे दिसतं.

किर्गिझ बाजूही समजून घ्यायला हवी. सोव्हिएत काळात त्यांचीच भाषा रशियनने मागे सारली होती, राजधानीत किर्गिझ माध्यमाच्या शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याही नव्हत्या. 1989 मध्ये किर्गिझ राज्यभाषा झाली ती या जखमेतून. रशियनला नंतर 'अधिकृत भाषा' हा वेगळा दर्जा मिळाला. ही दुपेडी रचना गोव्याच्या वाचकांना अनोळखी वाटणार नाही. तिथे 1987च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीही वापरण्याची मुभा राहिली. किर्गिझस्तानच्या राज्यघटनेत सर्व वांशिक गटांना मातृभाषा जपण्याची हमी आहे, पण उझबेकला कुठलाच अधिकृत दर्जा नाही. अफगाणिस्तानच्या 2004च्या घटनेने वेगळा मार्ग धरला होता: पश्तो आणि दारी देशभर, आणि जिथे बहुसंख्य लोक उझबेक बोलतात तिथे उझबेक ही तिसरी अधिकृत भाषा. तालिबान 2021 मध्ये परतल्यावर ती घटनाच बाजूला पडली.

भाषा मागितली की फुटीरपणाचा संशय येतो, आणि ओशमध्ये तो जुना आहे, कारण 1990 मध्ये काही उझबेक पुढाऱ्यांनी स्वायत्तता मागितली होती. पण स्वयंनिर्णयाचा हक्क 1966च्या त्या कराराच्या कलम 1 मध्ये आहे, 27 मध्ये नाही. उझबेकमध्ये प्रश्नपत्रिका मागणारी आई सीमा बदलायला सांगत नाही. राज्यभाषा शिकायलाही तिची ना नसते. युरोपातील सुरक्षा आणि सहकार्य संघटनेच्या (OSCE) राष्ट्रीय अल्पसंख्याकांसाठीच्या उच्चायुक्तांच्या पुढाकाराने 1996 मध्ये तयार झालेल्या हेग शिफारशीही हेच सांगतात: लहानपणी मातृभाषेत शिकवा, राज्यभाषा नियमितपणे शिकवा, वरच्या वर्गांत तिचा वाटा हळूहळू वाढवा, पण मातृभाषा मध्येच तोडू नका.

आपल्या राज्यघटनेतही हे दोन हक्क वेगळे लिहिले आहेत. कलम 15 भेदभाव थांबवतं, 29 आणि 30 भाषा आणि शाळा राखतात, आणि 1956 मध्ये आलेलं 350-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याच्या सोयी करायला राज्यांना सांगतं. बेळगावातल्या मराठी शाळेसाठी धडपडणाऱ्या पालकाला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या मुलाला शाळेत कुणी हिणवत नसेलही. वर्गात मराठी शिक्षक आहे का, हा त्याचा प्रश्न वेगळा असतो, आणि ओशमधल्या आईचाही तोच आहे.