खाटेपासून घरापर्यंत : मद्रासच्या क्षयरोग-प्रयोगाची पार्श्वभूमी

क्षयाच्या रुग्णाने आपल्याच घरी राहून, रोजचेच जेवण जेवून, केवळ गोळ्यांवर बरे व्हावे यात आज कोणाला नवल वाटत नाही. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मात्र बहुतेक डॉक्टरांना हा विचार धोक्याचा वाटत असे. हवापालट, अंथरुणावरची सक्तीची विश्रांती, दूध-अंड्यांचा सकस आहार आणि घरच्यांपासून दुरावा हाच उपचार मानला जाई, आणि त्यासाठी सॅनेटोरियम, म्हणजे क्षयरुग्णांचे निवासी रुग्णालय, हवे. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीला सुरू केलेले बेल-एअर किंवा आंध्रातील मदनपल्लीजवळचे आरोग्यवरम या संस्था याच समजुतीवर उभ्या राहिल्या.

अडचण हिशेबाची होती. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६च्या अहवालानुसार देशात सुमारे २५ लाख लोकांना सक्रिय क्षय होता, वर्षाला ५ लाख माणसे त्याने दगावत होती आणि क्षयरुग्णांसाठी खाटा होत्या जेमतेम ६,०००. म्हणजे चारशे रुग्णांमागे एक खाट. ही तूट इमारती बांधून भरून निघण्यासारखी नव्हती.

म्हणून पहिला भर लसीवर पडला. मद्रासजवळ गिंडी येथे बीसीजी ही क्षयप्रतिबंधक लस तयार होऊ लागली, १९४८ साली लसीकरणाला आरंभ झाला आणि १९५१पासून त्याची देशव्यापी मोहीम झाली. तंत्रज्ञांची पथके गावोगाव जाऊन हाताला ट्युबरक्युलिन या चाचणी-द्रव्याची सुई टोचत, तिसऱ्या दिवशी परत येऊन त्या जागी सूज (म्हणजे आधीच झालेल्या लागणीची खूण) आली आहे का हे पाहत आणि सूज नसेल त्यालाच लस देत. राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) १९५५ साली या मोहिमेला जाहीर विरोध केला. वाद बराच गाजला. पण लस कितीही गुणकारी मानली, तरी जो आधीच खोकत होता त्याला तिचा काडीचा उपयोग नव्हता.

त्याच्यासाठी खरा बदल घडवला तो औषधांनी. स्ट्रेप्टोमायसिन आणि ‘पास’ (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल) या औषधांच्या जोडीला १९५२ साली आयसोनियाझिड आले. ते स्वस्त होते आणि तोंडावाटे घेता येत होते. मग खाटेची गरजच काय, हा प्रश्न तपासण्यासाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी १९५६ साली मद्रासमध्ये एक केंद्र सुरू केले. डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली शहरातील गरीब वस्त्यांतले १९३ रुग्ण निवडून, निम्मे सॅनेटोरियममध्ये आणि निम्मे घरी, अशी विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली गेली. दोन्हीकडे औषध एकच होते : वर्षभर आयसोनियाझिड आणि पास. घरी राहणाऱ्यांची खोली दाटीवाटीची, आहार निकृष्ट आणि विश्रांती कमी. केंद्राचे कर्मचारी न सांगता दारात उभे राहत, उरलेले डोस मोजत आणि औषध खरोखर पोटात गेले आहे का हे पाहण्यासाठी लघवीचा नमुना घेत. रुग्णाच्या शब्दावर विसंबून न राहण्याची ही रीत कठोर वाटते, पण निष्कर्षांची विश्वासार्हता तिच्यातूनच आली.

१९५९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होते. घरी राहिलेले रुग्ण सॅनेटोरियममधल्यांच्या जवळपास बरोबरीने बरे झाले, आणि त्यांच्या सहवासामुळे घरच्यांना जास्त लागण झाली असेही आढळले नाही. कुटुंबाला जी बाधा व्हायची ती बहुतांशी निदानापूर्वीच होऊन गेलेली असे; उपचार सुरू झाले की रुग्णापासूनचा संसर्ग झपाट्याने घटे.

त्याच वर्षी बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. १९५५-५८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने क्षय खेड्यांतही शहरांइतकाच आहे हे दाखवून दिले होते. त्यामुळे जिल्हा हा घटक धरून राष्ट्रीय कार्यक्रम आखायचे ठरले आणि १९६२मध्ये तो सुरू झाला. एक्स-रेची गाडी दारोदार फिरवण्यापेक्षा, खोकला घेऊन दवाखान्यात आपण होऊन येणाऱ्याचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, हे त्याचे सूत्र. त्यामागे संस्थेने तुमकूर जिल्ह्यात केलेली पाहणी होती. क्षयाची बाधा असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे लक्षणे ओळखून आधीच दवाखान्याची पायरी चढली होती. तिथून बहुतेकांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन घरी पाठवण्यात आले होते.