रोस्ट्रम, पोडियम, लेक्टर्न : भाषणाशी निगडित इंग्रजी शब्द

भाषणाशी संबंधित इंग्रजी शब्दांपैकी बरेचसे लॅटिन व ग्रीकमधून आले असून, वक्ता उभा कुठे राहतो यावरूनच त्यांतले काही पडले आहेत.

लॅटिनमध्ये ‘रोस्ट्रम’ म्हणजे चोच. शत्रूचे जहाज फोडण्यासाठी युद्धनौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागावर, बसवलेल्या धातूच्या टोकालाही हेच नाव होते. इ. स. पू. ३३८ मध्ये अँटियम या इटलीतील किनारी शहराच्या ताफ्यावर विजय मिळवल्यावर रोमनांनी हस्तगत जहाजांच्या या चोची काढून आणल्या आणि फोरममधील, म्हणजे रोमच्या मुख्य चौकातील, भाषणाच्या ओट्यावर जडवल्या. त्यावरून त्या ओट्याला ‘रोस्ट्रा’ हे अनेकवचनी नाव पडले. इंग्रजीने मात्र एकवचन उचलले.

‘पोडियम’ आणि ‘लेक्टर्न’ यांची गल्लत सर्रास होते. पोडियमच्या मुळाशी ‘पाय’ (पाऊल) या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. म्हणजे ज्यावर चढून उभे राहायचे तो चौथरा. ऑलिंपिकमधील पदकविजेत्यांचा पोडियम याच अर्थाचा. कागद ठेवण्यासाठी समोर असते ते तिरप्या माथ्याचे उभे मेज म्हणजे लेक्टर्न. अमेरिकेत त्यालाही पोडियम म्हणतात आणि आपल्याकडच्या सभागृहांतही तेच रूढ आहे. त्यामुळे मंडपवाल्याला नुसते ‘पोडियम’ सांगण्यापेक्षा चौथरा हवा की माइकसह मेज, हे स्पष्ट केलेले बरे.

‘लेक्टर्न’ आणि ‘लेक्चर’ दोन्ही वाचणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आले. मध्ययुगीन युरोपीय विद्यापीठांत हस्तलिखिते महाग असल्यामुळे अध्यापक ग्रंथ मोठ्याने वाचून त्यावर विवरण करीत, तेच लेक्चर. स्लाइडवरचा मजकूर जसाच्या तसा वाचणारा वक्ता व्युत्पत्तीच्या दृष्टीने तरी चुकत नाही! ‘सर्मन’ आज चर्चमधील प्रवचन असले, तरी मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ साधे संभाषण असा होता.

‘कीनोट’ संगीतातून आला. पाश्चात्त्य स्वरसप्तकाचा आधारस्वर, आपल्याकडचा षड्ज, तो कीनोट. अमेरिकी पक्षांच्या अधिवेशनांत सूर ठरवून देणाऱ्या भाषणाला हे नाव मिळाले. म्हणूनच परिषदेच्या अखेरीस ठेवलेले ‘क्लोजिंग कीनोट’ खटकते.

पोकळ बडबडीसाठीचा ‘बंकम’ शब्द एका मतदारसंघाची देणगी आहे. १८२० मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये मिसुरीला राज्य म्हणून प्रवेश देण्याविषयीच्या चर्चेत उत्तर कॅरोलिनाचे प्रतिनिधी फेलिक्स वॉकर लांबण लावू लागले. मतदानासाठी घाईला आलेल्या सहकाऱ्यांना त्यांनी सांगितले, की आपण आपल्या मतदारसंघातल्या बंकम परगण्यासाठी बोलत आहोत. पुढे स्पेलिंग बदलले आणि शब्द आखडून ‘बंक’ झाला. खोटेपणा उघडा पाडणारे ‘डिबंक’ त्यातूनच निघाले.